गोफर आणि जेमिनीसाठी टर्मिनलमधला ब्राउझर: लिंक्स पुरेल का, आणि मराठीचं काय?

प्रश्न असा: लिनक्सवर दिवसाचा बराच वेळ टर्मिनलमध्ये जातो, वेबची साधी पानं लिंक्स या नुसता मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरने वाचायची सवय आहे. आता गोफर आणि जेमिनी, म्हणजे वेबला समांतर असलेले, मुख्यतः मजकुराचे दोन साधे प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम), त्यांवरचं वाचून पाहायचं आहे. लिंक्सवरच भागेल की दुसरा ब्राउझर घ्यावा? सगळ्याला एकच चालेल का? आणि मराठी मजकूर नीट दिसेल का?

आधी उत्तर सांगतो. गोफरपुरतं लिंक्सवर भागेल, जेमिनीसाठी भागणार नाही. दोन्हींची चव घ्यायला बॉम्बाडिलो हा ब्राउझर घ्या. चव लागली आणि रोजचं वाचन सुरू झालं, तर ऑफपंक या दुसऱ्या ब्राउझरवर या. मराठीचं गणित मात्र ब्राउझरपेक्षा टर्मिनलवर जास्त अवलंबून आहे, त्यामुळे त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

नावांचा घोळ आधीच मिटवतो. टर्मिनलमध्ये लिंक्स नावाचे दोन ब्राउझर आहेत आणि देवनागरीत ते सारखेच लिहिले जातात. मी बोलतोय तो १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात लिहिलेला, रानमांजराच्या नावाचा (Lynx). आणि इथला जेमिनी हा प्रोटोकॉल आहे. गूगलच्या त्याच नावाच्या एआयशी त्याचा काही संबंध नाही आणि तो त्याच्या आधीचा, २०१९ चा आहे.

लिंक्सला गोफर येतं यात नवल नाही, दोघं एकाच काळातले. गोफर १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकाहिल आणि सहकाऱ्यांनी बनवला, १९९३ च्या मार्चमध्ये त्याचे नियम सांगणारा दस्तऐवज, आरएफसी १४३६, आला. त्याच वर्षी विद्यापीठाने सर्व्हरच्या सॉफ्टवेअरसाठी काही वापरकर्त्यांकडून पैसे घ्यायचं ठरवलं, आणि ३० एप्रिलला, जिथे वेब जन्मला त्या सर्न या संशोधनसंस्थेने वेबचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. लोक कुठे गेले ते आपण पाहतोच आहोत. २००२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररने सुरक्षेचं कारण देऊन गोफर बंद केलं, २०११ मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीतून ते गेलं. लिंक्सने मात्र ते कधीच काढलं नाही. गोफरचा पत्ता दिला की आजही मेनू उघडतो, बाणांच्या कळांनी खालीवर जाता येतं, उजव्या बाणाने आत आणि डाव्याने मागे.

हे इतकं सोपं का, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. टेलनेट या जुन्या आज्ञेने फ्लडगॅपच्या गोफर सर्व्हरला ७० नंबरच्या पोर्टवर जोडा आणि नुसतं एंटर दाबा. मेनू समोर येतो आणि जोडणी तुटते. बस, हाच प्रोटोकॉल. मेनूच्या प्रत्येक ओळीचं पहिलं चिन्ह वस्तूचा प्रकार सांगतं: ० असेल तर मजकूर, १ असेल तर आणखी एक मेनू, ७ म्हणजे शोध, ९ म्हणजे बायनरी फाइल. मग दाखवायचं नाव, आतला पत्ता, सर्व्हर आणि पोर्ट, मध्ये टॅब. कुकी नाही, हेडर नाही, आकार-रंग काही नाही. अनेक मेनूंमध्ये ओळींच्या मधे निवेदनासारखा मजकूर दिसतो, तो ‘आय’ नावाच्या प्रकाराचा. आरएफसीत तो नाहीच, लोकांनी नंतर घुसडला आणि सगळ्यांनी मान्य करून टाकला.

जेमिनी सोल्डरपंक या टोपणनावाच्या माणसाने २०१९ च्या जूनमध्ये मांडला. हा गृहस्थ मूळचा गोफरवालाच. गोफरमध्ये त्याला दोन गोष्टी खटकत होत्या: सगळं उघड्यावर चालतं, आणि मजकुरात दुवे देता येत नाहीत, दुवा हवा तर मेनूच करावा लागतो. जेमिनीत टीएलएस, म्हणजे जोडणी कुलूपबंद करणारं तंत्र, सक्तीचं आहे. पोर्ट १९६५, त्या वर्षी नासाचं जेमिनी यान पहिल्यांदा माणसांना घेऊन गेलं म्हणून. विनंती म्हणजे एक पूर्ण पत्ता, जास्तीत जास्त १०२४ बाइट. उत्तर म्हणजे दोन आकडी क्रमांक, एक माहितीची ओळ आणि मग मजकूर. २० आला तर सगळं ठीक, १० आला तर सर्व्हर तुमच्याकडून काही टाइप करून मागतोय, ५१ आला तर पान नाही, ४४ आला तर ‘जरा दमाने घ्या’ आणि किती सेकंद थांबायचं तेही सोबत.

लिंक्सला यातलं काही कळत नाही. जेमिनीची पानं वेबवर दाखवणारी प्रॉक्सी, म्हणजे मधले सर्व्हर, आहेत आणि त्यातून लिंक्सने वाचता येतं, पण मग तुमचं टीएलएस प्रॉक्सीपाशीच संपतं आणि वाचकाचं ओळखपत्र लागणाऱ्या जागा बंदच राहतात. एखादं पान पाहायला ठीक. रोज असं वाचू नये.

बॉम्बाडिलो गो भाषेत लिहिलेला छोटा ब्राउझर आहे, डेबियनच्या भांडारात मिळतो. गोफर, जेमिनी, फिंगर (आणखी एक जुना साधा प्रोटोकॉल) आणि तुमच्याच डिस्कवरच्या फाइली, एवढं त्याला स्वतःला येतं. वेबचा दुवा आला तर सेटिंगमध्ये ‘वेबमोड’ला लिंक्स द्या, तो लिंक्सकडून पान मागवून दाखवतो. म्हणजे हातातला लिंक्स वायाही जात नाही. कळा व्हिम या संपादकाच्या वळणाच्या: जे आणि के ने सरकायचं, बी ने मागे, पहिल्या दहा दुव्यांसाठी नुसता आकडा, पुढच्यांसाठी कोलन (:) देऊन आकडा. अर्ध्या तासात हात बसतो. उणीव अशी की त्यात एका वेळी एकच पान, टॅब नाहीत.

टॅब हवेत आणि गोफर नको असेल तर ॲम्फोरा. दिसायला टर्मिनलमधला सगळ्यात नेटका, प्रमाणपत्राच्या तक्रारी समजतील अशा भाषेत सांगतो, नव्या लेखांसाठी सदस्यता घेता येते. फक्त जेमिनी. मला तो आवडतो, पण हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्ही प्रोटोकॉल हवे आहेत, म्हणून पुढे जातो.

ऑफपंकबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो ब्राउझरपेक्षा वाचायची पद्धत आहे. सोल्डरपंकने जेमिनीसाठी एव्ही-९८ नावाचा पायथनमधला ब्राउझर लिहिला होता, एका फाइलचा. बेल्जियमचे लेखक-प्रोग्रामर लिओनेल द्रिको, जालावर प्लूम, यांनी त्यावरून ऑफपंक काढला. गोफर, जेमिनी, स्पार्टन (जेमिनीसारखाच एक प्रोटोकॉल), वेब आणि आरएसएस (नव्या लेखांची यादी), सगळं एकाच जागी. पण मूळ कल्पना वेगळी आहे: जे पान एकदा आणलं ते डिस्कवर राहतं, आणि पुन्हा मागितलं की डिस्कवरूनच येतं. नेट बंद असताना एखादा दुवा उघडू पाहिलात आणि तो साठ्यात नसेल, तर ऑफपंक तो टिपून ठेवतो आणि पुढच्या ‘सिंक’च्या वेळी आणतो.

वापर असा होतो. सकाळी घरून निघण्याआधी सिंक चालवायचं, किंवा ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्येच टाकून द्यायचं. ज्या पानांची सदस्यता घेतली आहे त्यांवर आलेले नवे दुवे ‘टूर’ नावाच्या यादीत जमा होतात. मग फक्त ‘टी’ टाइप करून एंटर, पुढचं पान. पुन्हा ‘टी’, त्याच्या पुढचं. वाचताना चार दुवे आवडले तर ‘टी’पुढे त्यांचे आकडे द्यायचे, तेही रांगेत जातात. कोकण रेल्वेने रत्नागिरीच्या पुढे जाताना बोगद्यांमागून बोगदे येतात आणि रेंज येते-जाते, तिथे हा ब्राउझर बसल्या जागी चालू राहतो. दुसरा कुठलाही टर्मिनल ब्राउझर अशा वेळी नुसता वाट पाहत बसतो.

आणखी एक गोष्ट तितकीच कामाची आहे. साठा म्हणजे साध्या फाइली, प्रोटोकॉल आणि सर्व्हरच्या नावाने केलेल्या फोल्डरांत. त्यावर ग्रेप, म्हणजे फाइलींत शब्द शोधायची आज्ञा, चालवता येतं. महिन्यापूर्वी कुठेतरी वाचलेला परिच्छेद शोधायला शोधयंत्र लागत नाही, तुम्ही वाचलेलं सगळं तुमच्याकडेच असतं. याद्यासुद्धा जेमिनीच्याच साध्या मजकुराच्या फाइली आहेत, हव्या त्या संपादकात उघडून बदलाव्यात.

तक्रारीही आहेत. वेबची पानं नीट दिसण्यासाठी पायथनची दोन-तीन लायब्ररी वेगळी टाकावी लागतात. आत ‘व्हर्जन’ असं टाइप केलं की काय आहे आणि काय नाही ते दिसतं. पान ‘लेस’ या मजकूर वाचायच्या वेगळ्या प्रोग्रामात उघडतं, म्हणजे दुवा निवडायला आधी क्यू दाबून बाहेर यावं लागतं. पहिले काही दिवस हे रुततं. आणि साठ्यातलं पान शिळं असू शकतं, हे डोक्यात ठेवून गरजेप्रमाणे ‘रीलोड’ म्हणावं लागतं. ज्यांना दर पाच मिनिटांनी नवीन काय ते पाहायचं असतं त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आता मराठी. अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, आणि यूटीएफ-८ ही आजची सर्व भाषांची पद्धत. जेमिनीचा मजकूर न सांगता यूटीएफ-८ धरला जातो, त्यामुळे तिथे अक्षरांचा गोंधळ जवळपास होत नाही. गोफरला मात्र मजकुराचं एन्कोडिंग सांगायची सोयच नाही. लिंक्स अशा वेळी जुनं युरोपीय एन्कोडिंग धरतो आणि मराठीच्या जागी फ्रेंच ए आणि चलनाच्या चिन्हांची रांग दिसते. उपाय सोपा आहे: लिंक्समध्ये ‘ओ’ दाबून पर्याय उघडा, दाखवायचं एन्कोडिंग आणि गृहीत धरायचं एन्कोडिंग, दोन्ही यूटीएफ-८ करा. दुसरं कायमचं राहायला हवं असेल तर lynx.cfg या फाइलीत ASSUME_CHARSET:utf-8 अशी ओळ घाला. फक्त पहिलं बदलून लोक थांबतात आणि मग लिंक्सला मराठी येत नाही म्हणतात.

अक्षरं ओळखीची झाली तरी खरी अडचण पुढेच आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, एका चिन्हाला एक चौकट, चिनी-जपानीला दोन. देवनागरी या हिशोबात बसत नाही. ‘कि’ घ्या: साठवताना क आधी, ऱ्हस्व वेलांटी नंतर. टर्मिनलच्या नेहमीच्या कोष्टकात दोघांना एकेक चौकट मिळते आणि वेलांटी क च्या आधी काढायला हवी हे टर्मिनलला माहीत असावं लागतं. ‘क्ष’ घ्या: क ला एक चौकट, हलंताला शून्य, ष ला एक. दोन चौकटींची जागा धरली, पण जोडून काढलं तर अक्षर एकच होतं आणि मागे भोक राहतं. न जोडता काढलं तर पाय मोडलेला क आणि सुटा ष. ब्राउझर ओळ कुठे तोडायची ते त्याच्या कोष्टकाने ठरवतो, टर्मिनल त्याच्या कोष्टकाने रंगवतो, आणि मधल्या ‘लेस’चं कोष्टक तिसरंच. या तिघांचं जमलं नाही की ओळी वाकड्या तुटतात आणि कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

तुमचं टर्मिनल किती पाण्यात आहे ते पाहायला मी एक ओळ वापरतो: ‘दुसऱ्या किल्ल्यावर विद्यार्थी’. यात वेलांटी दोनदा आधी जायला हवी, ल्ल्या एकसंध हवा, रफार थी च्या डोक्यावर हवा, आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आडव्या रेघेसारखा हवा. तो र हिंदीवाल्यांना सहसा लागत नाही, त्यामुळे टर्मिनलची चाचणी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. शिवाय तो दोन पद्धतींनी साठवलेला सापडतो: काही ठिकाणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, काही ठिकाणी साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एक, बाइट वेगळे. साठ्यात ग्रेप करताना ‘दुसऱ्या’ मिळत नसेल तर दुसऱ्या पद्धतीने टाइप करून पाहा.

एक्सटर्म या चाचणीत सपशेल नापास होतो. केडीईचा कॉन्सोल त्यातल्या त्यात बरा, एमएलटर्म तर अशा लिप्यांसाठीच बनवलेला आहे. पण मराठी जास्त वाचायचं असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: टर्मिनलचा हट्ट सोडा आणि ईमॅक्स या संपादकात एल्फर टाका. एल्फर गोफर, जेमिनी आणि फिंगर वाचतो, सगळं कळांवर चालतं, आणि खिडकीत चालणारं ईमॅक्स २०२० च्या २७.१ आवृत्तीपासून अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतं, म्हणजे फायरफॉक्समध्ये दिसते तशी देवनागरी. मजकुराचा ब्राउझर म्हणजे काळ्या खिडकीतलाच असं कुठे आहे? ईमॅक्स नको असेल तर लाग्रांज हा माउसवाला जेमिनी ब्राउझर आहे, त्याला गोफरही येतं. त्यात देवनागरीचा टंक वेगळा टाकून घ्यावा लागतो.

लिहिण्याच्या बाजूने गोफर आणि जेमिनीत एक फरक मराठीला फार जाणवतो. गोफरच्या मजकुरात लिहिणारा साधारण सत्तर अक्षरांवर स्वतः ओळ तोडतो. देवनागरीत सत्तर म्हणजे किती, यावर दोन यंत्रांचं एकमत होत नाही, आणि फोनवर ती ओळ पुन्हा मधेच तुटते. जेमिनीत परिच्छेद म्हणजे एक लांब ओळ, ती कुठे मोडायची ते वाचणाऱ्याचा ब्राउझर ठरवतो. म्हणून मराठी मजकुरासाठी मी जेमिनीकडेच बोट दाखवेन.

जेमिनीतही मराठीला एक खोट बसते. १० क्रमांकाचं उत्तर देऊन सर्व्हर तुमच्याकडून मजकूर मागतो, शोधासाठी किंवा प्रतिसादासाठी, आणि तुम्ही लिहिलेलं पत्त्याच्या शेवटी टक्केचिन्हांत बदलून जातं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि टक्केचिन्हांत ९. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात काना आणि हलंत धरून १० चिन्हं आहेत, म्हणजे ९० बाइट. पूर्ण पत्त्याला मर्यादा १०२४. तेव्हा असे दहा-अकरा शब्द झाले की जागा संपली. इंग्रजीत तेवढ्याच जागेत मोठा परिच्छेद मावतो. शोधाला हे पुरतं, प्रतिसाद लिहायला पुरत नाही. लाग्रांज किती जागा उरली ते लिहिताना दाखवतो. मोठं लिहायचं असेल तर टायटन हा जोड-प्रोटोकॉल आहे, त्यात मजकूर पत्त्यात न जाता वेगळा पाठवला जातो. मात्र समोरच्या सर्व्हरलाही टायटन यावा लागतो.

प्रमाणपत्रांचा विषय पहिल्या आठवड्यातच समोर येईल, म्हणून सांगून ठेवतो. वेबवर प्रमाणपत्र खरं की खोटं हे तिसरी संस्था सांगते. जेमिनीत बहुतेक ठिकाणी लोकांनी स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र असतं. पहिल्या भेटीत ब्राउझर त्याची खूण साठवतो आणि पुढे प्रत्येक वेळी ताडून पाहतो. खूण बदलली की थांबवून विचारतो. तेव्हा डोळे मिटून ‘हो’ म्हणू नका, आधीच्या प्रमाणपत्राची मुदत पाहा. संपत आली होती तर मालकाने नवीन केलं असणार, पुढे जा. मुदत बरीच उरलेली असताना बदललं असेल तर त्या जागी काही लिहिण्याआधी एखाद-दोन दिवस थांबून, शक्य असेल तर दुसऱ्या नेटवरून पाहा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नव्वद दिवसांची फुकट प्रमाणपत्रं जेमिनीवर वापरणारे लोक आहेत, त्यांच्याकडे ही तक्रार वारंवार येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नुसता वैताग. बॉम्बाडिलोमध्ये जुनी खूण पुसायला ‘पर्ज’ आणि सर्व्हरचं नाव द्यावं लागतं.

आणि एक गैरसमज: जेमिनीत टीएलएस आहे म्हणून तुम्ही अदृश्य होत नाही. काय वाचलं ते झाकलं जातं, कुठल्या सर्व्हरला जोडलं ते तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसतं. गोफरमध्ये तर दोन्ही दिसतं.

सुरुवात कुठून करायची? गोफरमध्ये फ्लडगॅप. तिथेच व्हेरोनिका-२ हे शोधयंत्र आहे. जेमिनीत आधी प्रोटोकॉलच्या स्वतःच्या जागेवर जा, तपशील तिथेच वाचायला मिळतील आणि ते खरोखर एका बैठकीत वाचून होतात. मग अँटेना, तिथे लोकांच्या नव्या नोंदी एका पानावर येतात. हेच पान ऑफपंकमध्ये सदस्यतेला लावायचं. केनेडी हे शोधयंत्र आणि विकिपीडिया जेमिनीतून दाखवणारं जेमिपीडिया, दोन्ही एकाच जागी मिळतात. मराठीत मात्र फार काही हाती लागेल या अपेक्षेने जाऊ नका.

स्वतः काही मांडायचं झालं तर जड काम नाही. रस्टमध्ये लिहिलेला अगेट हा सर्व्हर एकच फाइल आहे, प्रमाणपत्र तो स्वतः बनवतो, रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर निवांत चालतो. मजकुराची पद्धत दहा मिनिटांत येते: # ने शीर्षक, => ने दुवा, > ने अवतरण, * ने यादी, ``` च्या दोन ओळींमध्ये जसाच्या तसा दाखवायचा मजकूर, बाकी सगळे परिच्छेद. दुवा नेहमी स्वतंत्र ओळीवर, वाक्याच्या पोटात नाही. चालू करताना अगेटला भाषेचा पर्याय देऊन ‘एमआर’ हा मराठीचा संकेत सांगायला विसरू नका. ती खूण प्रत्येक पानासोबत जाते, आणि ती पाहणारं, पान मोठ्याने वाचून दाखवणारं वाचनयंत्र असेल तर पान हिंदी उच्चारांत वाचलं जात नाही.